डोस कोणाच्या मापाचा?

सॉफ्टवेअरमधे 'डीफॉल्ट व्हॅल्यू' नावाचा प्रकार असतो. युजरने काहीच निवडलं नाही तर आपण ठरवलेली व्हॅल्यू लागू होते, आणि ती ठरवताना आपल्या डोळ्यासमोर बहुतेक वेळा आपल्यासारखाच युजर असतो. औषधाच्या डोसचंही तसंच आहे. फक्त तिथे भोगावं माणसाला लागतं.

एफाव्हिरेन्झ हे एचआयव्हीवरचं औषध घ्या. अमेरिकेत १९९८ मधे मान्यता, डोस रोज ६०० मिलिग्रॅम. ते शरीराबाहेर काढायचं मुख्य काम लिव्हरमधलं सीवायपी२बी६ हे एन्झाइम करतं. त्याच्या जीनची संथ आवृत्ती आई-वडील दोघांकडून आली, तर औषध रक्तात साचत जातं. मग चक्कर, भयानक स्वप्नं, भास, नैराश्य... २००४ च्या एका अमेरिकन अभ्यासात असे लोक गोऱ्यांमधे ३ टक्के, तर आफ्रिकन वंशाच्या लोकांमधे २० टक्के निघाले!

झिंबाब्वेत कॉलेन मासिमिरेम्ब्वा या शास्त्रज्ञालाही साधारण पाचात एक असंच प्रमाण सापडलं होतं. तरी २०१५ मधे तिथे सरसकट ६०० मिलिग्रॅमच सुरू झाला. त्रास असह्य होऊन काहींनी गोळ्याच सोडल्या. आणि एचआयव्हीत गोळ्या सोडणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

कोणी म्हणेल, लाखो लोकांची जीन टेस्ट गरीब देशाने कुठून करायची? मान्य. पण मग डीफॉल्ट तरी बदला! ४०० मिलिग्रॅमही तितकंच काम करतं, हे अनेक खंडांत झालेल्या एन्कोअर-१ चाचणीत २०१४ मधेच दिसलं होतं. गरोदर बायका आणि टीबीचे पेशंट यांच्याबद्दल तेव्हा पुरेशी माहिती नव्हती, हे खरं. पण ती आधीच का गोळा केली नाही?

'आफ्रिकन डोस' असं लेबल लावणं हाही उपाय नव्हे. अबाकाव्हिर या दुसऱ्या औषधाची जीवघेणी ॲलर्जी एचएलए-बी*५७:०१ असलेल्यांना होऊ शकते. हा जीनप्रकार केनियातल्या मसाई लोकांत १३.६ टक्के, तर नायजेरियातल्या योरुबांमधे शून्य आढळला. खंड एकच! इथे टेस्ट करूनच औषध द्यायला हवं.

२०१९ मधे जागतिक आरोग्य संघटनेने डोल्युटेग्राव्हिरला पहिली पसंती दिली आणि एफाव्हिरेन्झ मागे पडलं. पण उद्या नवं औषध येईल, त्याचाही डीफॉल्ट कोणीतरी ठरवेल. माझं म्हणणं एवढंच, की जे लोक ते सर्वात जास्त घेणार आहेत, ते चाचणीतही तेवढेच हवेत. नंतर नाही, आधी!