किनारा पन्नास पावलांवर, रुग्णालय किती तासांवर?

दिवाळी आटोपली की बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास कानावर येतो, 'डॉक्टर, अंदमानला जाऊ ना?' विचारणारे बहुतेक साठीच्या आसपासचे असतात. कुणाचा निवृत्तीनंतरचा हा पहिलाच मोठा प्रवास असतो, तर कुणाला सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी एकदा डोळ्यांनी पाहायची असते. पिशवीत रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या असतात, काहींच्या हृदयात स्टेंटही असतो. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजयपुरम, पाहून झाले की ही मंडळी बोटीने स्वराज द्वीप किंवा शहीद द्वीप या बेटांवर जातात. हॅवलॉक आणि नील ही त्यांची जुनी नावे. तिथे झाडीत विखुरलेली छोटी कॉटेजेस, समोर समुद्र आणि लाटांखेरीज आवाज नाही.

या प्रश्नाला माझे उत्तर बहुतेक वेळा 'जा' असेच असते. शांतता ही काही चैनीची वस्तू नाही. सततच्या आवाजाने झोप तुटते, ताणाची संप्रेरके वाढतात आणि रक्तदाब चढतो, हे आता पक्के ठाऊक आहे. आपल्या कायद्याने निवासी भागात रात्रीच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल ठरवली आहे. शहरातल्या रस्त्यालगत राहणाऱ्यांना ती किती रात्री अनुभवायला मिळते, हे त्यांनीच सांगावे. अशा माणसाला चार दिवस शांत झोप मिळाली, तर ते चांगलेच आहे.

पण ही शांतता अंतरामुळे मिळते. रस्ते, गाड्या आणि गर्दी दूर असतात, तशी रुग्णालयेही दूर असतात. रिसॉर्टच्या जाहिरातीत 'किनारा पन्नास पावलांवर' हे ठळक लिहिलेले असते. जवळचे रुग्णालय किती तासांवर आहे, हे कुठेही लिहिलेले नसते. ते लिहिणे सक्तीचे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वराज द्वीपाचेच उदाहरण घ्या. बेटावर सरकारी आरोग्य केंद्र आहे आणि तिथले कर्मचारी मर्यादित साधनांत काम करतात. गंभीर रुग्णाला मात्र श्री विजयपुरमच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात न्यावे लागते. बोटीला दीड ते अडीच तास लागतात आणि प्रवासी बोटी दिवसाच सुटतात. अडीअडचणीला खास बोट किंवा हेलिकॉप्टर मागवता येते, पण तेही हवामान आणि उजेड यांवर अवलंबून असते. समुद्र खवळला की सगळेच अडते.

आता हे तास वैद्यकाच्या घड्याळाशी ताडून पाहा. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांत दिले, तर हृदयाचा बराच स्नायू वाचतो. जसजसा उशीर होतो, तसतसा त्याचा उपयोग घटतो. पक्षाघातात अशा इंजेक्शनसाठी साधारण साडेचार तासांची मुदत असते आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. संध्याकाळी सहा वाजता कुणाचे तोंड वाकडे झाले आणि सकाळच्या बोटीची वाट पाहावी लागली, तर ती मुदत रात्रीच संपलेली असते. मुंबई-पुण्यात जो आजार वेळेवर आटोक्यात येतो, तोच इथे जन्माचे अपंगत्व देऊन जाऊ शकतो.

'एवढे सांगितले तर पर्यटक घाबरतील, धंदा बसेल,' असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर त्याच बेटावर आहे. स्वराज द्वीपाच्या राधानगर किनाऱ्याला २०२० साली 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. त्याच्या निकषांत पाण्याच्या शुद्धतेबरोबर जीवरक्षणाची व्यवस्था, प्रथमोपचाराचे साहित्य आणि माहितीचा फलक यांचाही समावेश आहे. या फलकांना घाबरून कुणी किनाऱ्यावर जायचे सोडत नाही, उलट प्रमाणपत्राचीच जाहिरात होते. जो नियम वाळूला लागू होतो, तो त्या वाळूलगतच्या कॉटेजला का नको?

माझी मागणी फार मोठी नाही. आरक्षण करतानाच ग्राहकाला तीन गोष्टी लेखी कळाव्यात : जवळचा डॉक्टर किती मिनिटांवर आहे, सर्व सोयींचे रुग्णालय किती तासांवर आहे आणि रात्री तिथे पोहोचायची व्यवस्था काय आहे. त्याखेरीज रिसॉर्टमध्ये प्राणवायूचे सिलिंडर, हृदयाला विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र आणि प्रत्येक पाळीत जीवनसंजीवनीचे शिक्षण घेतलेला किमान एक कर्मचारी असावा. बुडालेल्या माणसात मूळ अडचण प्राणवायूची असते. म्हणून छाती दाबण्याबरोबर तोंडावाटे श्वास देणेही आवश्यक असते, आणि हे सराव केलेल्या माणसालाच नीट जमते.

पर्यटकांनीही आपला वाटा उचलावा. औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा निदान चार दिवस जास्तीची न्यावीत, कारण खराब हवेत बोटी रद्द होतात. ती हातातल्या पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन विमानात सामानाच्या कप्प्यात टाकू नये. जुना ईसीजी आणि औषधांची यादी फोनमध्ये असू द्यावी. गेल्या काही आठवड्यांत छातीत दुखले असेल, चालताना धाप वाढली असेल किंवा नुकताच झटका येऊन गेला असेल, तर तपासणी होईपर्यंत सहल पुढे ढकलावी.

घड्याळही फसवते. अंदमानात भारतीय प्रमाणवेळच चालते, पण ही बेटे इतकी पूर्वेला आहेत की तिथला सूर्य मुंबईच्या सुमारे ८० मिनिटे पुढे असतो. तिथले सकाळचे साडेनऊचे ऊन म्हणजे आपल्याकडचे जवळजवळ अकराचे. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पोहणे आणि भटकणे सकाळी लवकर उरकावे आणि टोपी, पाणी जवळ ठेवावे. अंधार पडल्यावर अनोळखी पायवाटेने फिरू नये.

शहाळ्याचाही विचार करावा. ते बहुतेकांना अमृतासारखे असले, तरी त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडे कमजोर असलेल्यांनी आणि पोटॅशियम वाढवू शकणारी रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे घेणाऱ्यांनी दिवसाला तीन-चार शहाळी पिऊ नयेत. आपल्या गोळ्या त्यांतल्या आहेत का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

स्कूबा डायव्हिंगपूर्वी आरोग्याचा अर्ज भरून घेतात. बरेच जण तो न वाचताच सगळीकडे 'नाही' लिहून सही करतात. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा कानाचे दुखणे लपवणे पाण्याखाली जिवावर बेतू शकते. एकदाच डुबकी मारली असेल, तरी विमान निदान १२ तासांनंतरचे असावे. अनेक डुबक्या झाल्या असतील, तर निदान १८ तास जाऊ द्यावेत. नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधे, मेंदू किंवा मज्जारज्जूला इजा होऊ शकते.

यात आणखी एक बाजू आहे आणि सरकारी नोकरीतल्या डॉक्टरला ती विसरता येत नाही. पर्यटक पाच दिवसांनी परत जातो. त्याचे अंथरूण घालणारी बाई, त्याला मासा तळून देणारा आचारी आणि बोट हाकणारा तांडेल तिथेच राहतात. कळा सुरू झालेल्या गर्भवतीला, सर्पदंश झालेल्या शेतकऱ्याला हेच अंतर बारा महिने कापावे लागते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायला मोठी शस्त्रक्रिया लागत नाही. ईसीजी यंत्र, शिकवलेले हात आणि फोनवर सल्ला देणारा तज्ज्ञ एवढी तयारी छोट्या केंद्रातही करता येते. पर्यटनातून येणाऱ्या पैशाचा एक हिस्सा बेटावरच्या आरोग्य केंद्राला आणि रात्री निघू शकेल अशा रुग्णबोटीला मिळाला, तर त्याचा उपयोग पाहुण्याला होईल आणि यजमानालाही.

तोवर निदान एवढे करा. आरक्षणासाठी फोन कराल, तेव्हा नाश्ता फुकट आहे का, हे जरूर विचारा. त्याच फोनवर हेही विचारा, 'रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागले, तर तुम्ही मला कुठे आणि कसे न्याल?' उत्तर ठाम मिळाले तर पैसे भरा. पलीकडचा माणूस अडखळला, तर दुसरे रिसॉर्ट शोधा.