तारेतली पत्रे

पत्राचा विषय निघाला की आम्हा कौंडण्यपूरकरांना थोडी ऐट येते, हे वाचकांनी समजून घ्यावे. वर्धेच्या काठचे आमचे गाव म्हणजे रुक्मिणीचे माहेर. भागवताच्या दशमस्कंधात तिने ब्राह्मणाच्या हाती श्रीकृष्णाला जो निरोप धाडला, तो येथूनच, असे आम्ही मानतो. अवघे सात श्लोक. लग्न दुसऱ्या दिवसावर आलेले. निरोप एक दिवस उशिरा पोचता तर त्याला कवडीचीही किंमत उरली नसती. तरी तो आजवर टिकला! आमच्या कॉलेजातले 'उद्या अकरा वाजता सभा आहे' हे पत्रही सात वर्षे टिकून होते, आणि ते काढून टाकण्याचे काम यंदा माझ्याकडे आले.

मराठीच्या अध्यापकाकडे हे काम कसे, असे कोणी विचारील. समितीत एक सभासद कमी पडत होता, इतकेच. कॉलेजचा ईमेलचा सर्व्हर आहे. त्याची डिस्क भरत आली होती, आणि ती पुरती भरली म्हणजे नवे टपाल आत येईनासे होते. तेव्हा वर्षापेक्षा जुने टपाल यंत्राने रोज रात्री आपोआप पुसावे, असे ठरले.

संगणकाच्या खोलीतला मुलगा हुशार. त्याने विचारले, "सर, वर्ष मोजायचं कोणत्या तारखेपासून?" मला वाटले, तारीख ती तारीख! मग त्याने माझी शिकवणी घेतली. सर्व्हरवरच्या डव्हकॉट नावाच्या प्रोग्रॅमला एका पत्राच्या तीन तारखा ठाऊक असतात: पाठवणाऱ्याच्या यंत्राने घातलेली, आपल्या सर्व्हरवर पोचल्याची, आणि ते पत्र ज्या कप्प्यात आहे त्यात ठेवल्याची. पहिलीवर विसंबू नये. पाठवणाऱ्याचे घड्याळ बिघडले असले तर आजच्या पत्रावरही 1 जानेवारी 1970 ही तारीख पडू शकते, कारण कित्येक यंत्रे काळ तेथूनच मोजतात; असे पत्र आल्या रात्रीच गडप व्हावयाचे. म्हणून दुसरी तारीख धरावी. कचरापेटीला मात्र तिसरी, नाहीतर पाच वर्षांपूर्वीचे पत्र आज चुकून पेटीत पडले तर ते परत उचलायला सवडच मिळत नाही. आणि पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी तीच अट घालून नुसती शोधण्याची आज्ञा द्यावी, म्हणजे काय काय जाणार ते आधी दिसते. (मला व्याकरण शिकवणारे गुरुजी इतके सोपे नव्हते.)

नमुन्यादाखल त्याने माझीच यादी काढली. सभा, सभा, पुस्तकांच्या जाहिराती, पुन्हा सभा. आणि मधून मधून बाबांचे नाव. बाबा शाळामास्तर. सत्तरीनंतर ईमेल शिकले आणि मला कॉलेजच्याच पत्त्यावर लिहू लागले. वर्गात शुद्ध भाषेसाठी कान पिळणारे आमचे बाबा येथे निखळ वऱ्हाडीत लिहीत: "पाणी लय पडून रायलं. नदी वर आली. तू येऊ नोको, रस्ता बंद हाये." अशी अडतीस पत्रे. बाबांना जाऊन तीन वर्षे झाली.

लहानपणी आमच्या घरी पत्रे तारेत ओवलेली असत, सर्वांत जुने सर्वांत खाली. दिवाळीच्या सफाईत आई ती तार उतरवी, एकेक कार्ड हातात घेई, दोन ओळी वाची, आणि ते चुलीत टाकी किंवा पुन्हा ओवी. मयताचे कार्ड वाचताक्षणी फाडले जाई. ते तारेपर्यंत पोचतच नसे. आपल्या सरकारी कचेऱ्यांतही कागदांचे वर्ग आहेत: 'अ' कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'क' दहा, 'क-1' पाच आणि 'ड' एका वर्षाचा. कचेरीला कोणी कितीही नावे ठेवो, तेथे एक माणूस कागद वाचून त्यावर अक्षर घालतो. आम्ही सगळ्या कॉलेजलाच 'ड' घातला होता.

माझी अडतीस पत्रे मी निराळ्या कप्प्यात हलवली आणि त्या मुलाने तो कप्पा नियमातून वगळला. इतरांनीही हवे असेल ते पंधरा दिवसांत हलवावे, अशी सूचना धाडली, अर्थातच ईमेलने. नियम सुरू झाला, डिस्क निम्मी रिकामी झाली, समितीचे अभिनंदन झाले.

तीन आठवड्यांनी आमचे एक सहकारी रजेवरून परतले. पत्नीच्या आजारपणात ते नागपूरला दवाखान्यात होते; ईमेल उघडलाच नव्हता. त्यांच्या वेतननिश्चितीचा सहा वर्षांचा पत्रव्यवहार त्यात होता, आणि निवृत्तीला उरले होते सात महिने. सर्व्हरची राखीव प्रत आमच्याकडे सातच दिवस राहते; आठव्या दिवशी तिच्यावर नवी चढते. तरी त्या मुलाने रात्री दहापर्यंत शोधून पाहिले.

सहकारी रागावते तर बरे झाले असते. त्यांनी फक्त विचारले, "तुमचं काही गेलं का हो, सर?"

मी "नाही" म्हणालो.

त्यानंतर सूचना छापील कागदावर, प्रत्येकाच्या हाती देऊन सही घ्यायची, असा ठराव मी मांडला. तो मंजूर झाला. सहकाऱ्यांनी त्या कार्यालयाला पत्र लिहून जुन्या पत्रांच्या प्रती मागितल्या आहेत. तेथल्या सर्व्हरवर किती दिवसांचा नियम आहे, ते अद्याप कळलेले नाही.