मत्स्यविनोद आणि आपण

'विनोद' या शब्दाचा अर्थ आपण हल्लीं थट्टामस्करीपुरता संकुचित केला आहे. संस्कृतांत मात्र मन रमविणारी कोणतीहि गोष्ट या संज्ञेस पात्र होते. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नांवाचा जो ज्ञानकोश रचिला, त्यांत राजाच्या विनोदांमध्यें 'मत्स्यविनोद' असा एक स्वतंत्र अध्याय आहे. सुमारें ३५ जातींचे मासे, कोणास कोणतें आमिष रुचतें, काठी व दोरी कशी असावी, गळास लागलेल्या माशाला दोरी सैल सोडून व ओढून कसें थकवावें, याचें त्यांत पद्धतशीर विवेचन आहे. या विषयावरील आयझॅक वॉल्टनचा प्रख्यात इंग्रजी ग्रंथ १६५३ सालचा. म्हणजे सोमेश्वर त्याच्या पांचशें वर्षें आधींचा!

पुढें युरोपांत या विनोदाला जें नाजुक रूप आलें, त्यांत माशीनें मासा धरतात. ट्राउट नांवाचा मासा थंड व स्वच्छ पाण्याखेरीज जगत नाहीं. तिकडील नद्यांवर मे-जून महिन्यांत, दिवस मावळतीला टेकला कीं, पाण्यांतून हजारों चिमुकले पतंग वर येतात. या पतंगाचें बालपण नदीच्या तळाशीं वर्ष-दोन वर्षें जातें. पंख फुटल्यावर मात्र त्याला खाण्यापुरतें तोंडच उरत नाहीं, आणि थोडक्याच अवधींत पाण्यांत अंडीं घालून तो गतप्राण होतो. त्यांना टिपण्यासाठीं ट्राउट वर येतो, आणि पाण्यावर वर्तुळें उमटूं लागतात. गळ टाकणारा त्या वेळीं बारीक गळावर रेशमी दोरा व कोंबड्याच्या मानेचें पीस बांधून केलेली कृत्रिम माशी फेंकतो. तिला वजन असें नसतेंच. म्हणून दोरीच जड ठेवून काठीच्या झोक्यानें ती दूर न्यावी लागते. माशी प्रवाहाबरोबर सहज वाहत आली तर मासा फसतो. दोरीनें ती किंचित् ओढली गेली तरी त्याला संशय येतो. सबब त्या सायंकाळीं कोणता पतंग उडत आहे, ओघ कोठें मंद आहे, आपली सावली कोणीकडे पडते, इतकें ज्याला कळतें, यश त्याचेंच.

इंग्रजांनीं १९०० च्या सुमारास काश्मिरांत व पुढें निलगिरींत हे मासे आणून सोडले. आमच्या इंझोरीस, जेथें वैशाखांत पारा चाळिसाच्या वर जातो, ट्राउट एक दिवसहि टिकणार नाहीं. परंतु महाराष्ट्रास स्वतःचा तितकाच मानी मासा आहे : महसीर. त्याची दख्खनी जात कर्नल साइक्स यानें १८३९ सालीं शास्त्रास परिचित करून दिली. यालाहि वाहतें, निर्मळ पाणी लागतें. धरणांनीं त्याची वाट अडविली, नासलेल्या पाण्यानें व सुरुंग लावून केलेल्या मासेमारीनें पुढची हानि केली. लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीनें १९७० च्या दशकापासून त्याची पैदास करून पिलें ठिकठिकाणीं सोडलीं, हें स्तुत्य होय.

आतां आमच्या घरांतून एक प्रश्न हटकून निघतो : जीव घेण्यांत कसला आला आहे विनोद? प्रश्न योग्य आहे. अशोकानें पांचव्या स्तंभलेखांत ठराविक तिथींना मासे मारण्यास व विकण्यासहि मनाई केली होती. हल्लीं पुष्कळ लोक मासा धरून पुनः पाण्यांत सोडतात. तरी गळाची जखम व्हावयाची ती होतेच. तथापि 'आम्ही मासे खात नाहीं, सबब आमच्या हातून माशांना अपाय नाहीं' हें जें समाधान आपण बाळगतों, तेंहि एकदां तपासून पाहिलें पाहिजे. मोरीचें पाणी, साबणाचा फेंस, पिकांवर फवारलेलें औषध, निर्माल्यासह टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी, हें सर्व अखेर नदींतच जातें. गळ एका माशाला लागतो. नासलेलें पाणी अंड्यापिलांसकट सर्वांना लागतें.

महाड तालुक्यांत काळ नदीवर वाळण कोंड नांवाचा डोह आहे. तेथील महसीर वरदायिनी देवीचे, या श्रद्धेनें त्यांना कोणी धरीत नाहीं. उलट भाविक त्यांना खाऊं घालतात. ही श्रद्धा मला मोलाची वाटते. परंतु देवीची आण डोहाच्या कांठापुरती चालते; वरच्या अंगास कोणी पाणी नासविलें, तर ती आण तेथवर कशी पोंचणार?

अडाण व अरुणावती या आमच्या वाशीम जिल्ह्यांतील नद्या. वाचकांच्या गांवींहि एखादी असेलच. पहिल्या पावसाआधीं, जेथें डोह उरला असेल तेथें, मुलांना घेऊन एका संध्याकाळीं जावें. गळ नको. अर्धा तास स्वस्थ बसून पाण्यावर वर्तुळ उमटतें का, वर कोणता कीटक उडतो, हें पाहावें. माशाचें नांव कळलें नाहीं तर भोई गृहस्थांस आदरानें विचारावें. सोमेश्वरानें ३५ जाती नोंदविल्या. आपल्या घरांत कितीजणांना पांच सांगतां येतील? आणि जेथें एकहि वर्तुळ उमटत नाहीं, तेथें तें कां उमटत नाहीं याची चौकशी करणें, हें मासे न खाणाऱ्यांचेंहि कर्तव्य आहे.