शुगर आहे म्हणून डोळा सोडू नका

माहूर-किनवट भागात मोतीबिंदूचे शिबिर झाले की ऑपरेशनसाठी नेणाऱ्यांची यादी होते. शुगर जास्त निघाली म्हणून घरी पाठवलेल्यांची यादी मात्र कोणी करत नाही. "शुगर कमी करून या" एवढे त्यांना सांगितले जाते. कुठे यायचे, कधी यायचे, हे कोणी सांगत नाही. मग घरी येऊन आजी सांगते, "मला शुगर आहे, माझं ऑपरेशन होत नाही." घरचेही मान्य करतात आणि वर्षामागून वर्ष जाते.

आमचे स्पष्ट मत आहे की मधुमेह असणाऱ्याचेही मोतीबिंदूचे ऑपरेशन होते आणि त्याला दिसायलाही लागते. उलट मधुमेहात मोतीबिंदू इतरांपेक्षा लवकर येतो, म्हणून या लोकांना ऑपरेशनची गरज जास्त पडते. डॉक्टर थांबवतात त्याला कारण आहे. शुगर वाढलेली असली की जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. डोळ्याच्या आत संसर्ग झाला तर नजर कायमची जाऊ शकते. म्हणून काही आठवडे थांबून, औषध नीट घेऊन पुन्हा जायचे असते.

दुसरी गोष्ट मागच्या पडद्याची. मोतीबिंदू डोळ्याच्या भिंगात होतो. मधुमेहाचा खरा घाव भिंगाच्या मागच्या पडद्यावर बसतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, त्यातून रक्त किंवा पाणी झिरपते आणि पडद्याला सूज येते. सिनेमाच्या पडद्यावरच डाग असतील तर मशीनची काच कितीही पुसली तरी चित्र साफ दिसत नाही, तसेच हे आहे. मग लोक म्हणतात, "ऑपरेशन बिघडलं." खरे तर पडदा आधीच खराब झालेला असतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकून पडदा तपासून घ्या. पडद्याला सूज असेल तर इंजेक्शन किंवा लेझरचा उपचार बहुधा आधी करावा लागतो.

"मोतीबिंदू पिकू द्या", "हिवाळा येऊ द्या" हे सल्ले आता जुने झाले. आजचे ऑपरेशन कोणत्याही ऋतूत होते. मधुमेहात तर पिकेपर्यंत थांबणे जास्तच वाईट, कारण भिंग पांढरे झाले की डॉक्टरांना मागचा पडदा दिसत नाही आणि तिथला आजार आत वाढत राहतो.

बाबासाहेबांना मधुमेह होता, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी फार क्षीण झाली होती. तशाही अवस्थेत त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहून पुरा केला. तो १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. वर्षावासात आपल्या विहारांत त्याचे वाचन होते. ज्या आजी-आजोबांना अक्षरे दिसत नाहीत ते फक्त ऐकतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना ऑपरेशननंतर स्वतः वाचता येईल.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी देशभर ओळखले जाणारे डॉ. तात्याराव लहाने आपल्याच मराठवाड्यातले, लातूर जिल्ह्यातले. त्यांना २००८ साली पद्मश्री मिळाली. आपल्या मातीतून असे डॉक्टर घडतात, पण माहूरच्या वाडीतल्या म्हातारीला रुग्णालयापर्यंत नेणारा माणूस घरातूनच आणि वस्तीतूनच उभा राहिला पाहिजे. नांदेडला जायचे तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास प्रवास आहे. पैनगंगा ओलांडून यवतमाळ जवळ पडते. दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. तरीही गाडीभाडे आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी हा खर्च राहतोच. कापूस वेचणीच्या दिवसांत तो कोणाला परवडतो?

म्हणून आमची सूचना अशी की प्रत्येक विहाराने एक वही ठेवावी. शिबिरातून शुगरमुळे परत आलेल्यांची नावे तिच्यात लिहावीत. आशाताईंच्या मदतीने त्यांची शुगर आरोग्य केंद्रात तपासून घ्यावी, गोळ्या सुरू कराव्यात आणि शुगर आटोक्यात आली की त्यांना एकत्र गाडी करून न्यावे. शिबिर भरवणाऱ्यांनाही आपण विचारले पाहिजे की पडदा तपासणार का, परत पाठवलेल्यांना पुढची तारीख देणार का. शिबिराचे यश नुसत्या ऑपरेशनच्या आकड्यावर मोजू नये. परत गेलेल्यांपैकी किती जण पुन्हा आले, हाही आकडा फलकावर लागला पाहिजे.

घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे. शिबिरात पास व्हायचे म्हणून दोन दिवस उपाशी राहणे किंवा गोळी दुप्पट घेणे धोक्याचे आहे, शुगर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो. नुसत्या आजच्या शुगरवर जाऊ नका, तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणीही करून घ्या. ऑपरेशनच्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचे की नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारा. नंतर थेंब सांगितले तितके दिवस टाका आणि डोळा चोळू नका. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा एकदम कमी दिसू लागले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दिसायला लागले तरी वर्षातून एकदा पडदा तपासा, कारण मोतीबिंदू काढला तरी मधुमेह राहतोच.

या पौर्णिमेला विहारात जाल तेव्हा आजूबाजूला बसलेल्या ज्येष्ठांना एकच प्रश्न विचारा, "शुगरमुळे तुमचं ऑपरेशन राहिलं आहे का?" जे हो म्हणतील त्यांच्या नावांनीच ती वही सुरू करा.

जयभीम.