थंडीत गाडीचं ॲव्हरेज का पडतं? दोष ई-२० पेट्रोलचा की गारठ्याचा?

थंडी सुरू झाली की गाडी ॲव्हरेज देत नाही, ही तक्रार जुनीच. २०२५ पासून मात्र तिचं उत्तर तयार असतं: 'ई-२० पेट्रोलमुळे!' हे कितपत खरं? बीड जिल्ह्याचं उदाहरण घेऊन समजून घेऊ.

ई-२० मुळे किती फरक पडतो?

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटणारच. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींत ही घट १ ते २ टक्के असते, तर इतर गाड्यांत साधारण ३ ते ६ टक्के.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. ई-२० मे महिन्यातही टाकीत असतं आणि डिसेंबरमध्येही. म्हणजे फक्त हिवाळ्यात होणाऱ्या घटीचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

गारठ्यात इंजिनमध्ये काय होतं?

थंडीच्या लाटेत मराठवाड्यात पहाटेचं तापमान १० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली जातं. अशा वेळी इंजिन ऑइल घट्ट होतं, घर्षण वाढतं. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो. इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत हे चालतं.

म्हणून खरा प्रश्न आहे तो गाडी किती लांब जाते याचा. बीड शहरातल्या शहरात मुलांना शाळेत सोडायचं, भाजी घेऊन परत यायचं, अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन गरम होईपर्यंत घर येतं. तीच गाडी मांजरसुंब्यामार्गे सोलापूरला निघाली, तर सुरुवातीचा हा तोटा पुढच्या अंतरात विरून जातो.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आकडेवारीनुसार, उणे ७ अंशांत शहरातलं ॲव्हरेज २५ अंशांच्या तुलनेत सुमारे १५ टक्क्यांनी घटतं. पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याकडे एवढी थंडी नसते, त्यामुळे घटही कमीच. दुपारी पारा तिशीकडे गेला की ती जवळपास उरत नाही.

टायर आणि हवा

तापमान ३० वरून १२ अंशांवर आलं, तर टायरमधला दाब साधारण ३ पीएसआयनं कमी होतो. दाब कमी म्हणजे टायर रस्त्याला जास्त घासणार. शिवाय थंड हवा जड असते. एवढ्याच फरकानं ती सुमारे ६ टक्के दाट होते, त्यामुळे महामार्गावर वेगात असताना गाडीला जास्त जोर लावावा लागतो.

मग काही जणांचं ॲव्हरेज हिवाळ्यात वाढतं, ते कसं?

कारण एसी बंद असतो. बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा एसी भरपूर पेट्रोल खातो. त्यामुळे लांबच्या प्रवासात हिवाळ्याचं ॲव्हरेज उन्हाळ्यापेक्षा चांगलंही मिळू शकतं.

दोषी कोण, हे कसं ओळखाल?

टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. डिसेंबर आणि मार्चमध्ये त्याच रस्त्यावर, एसी बंद ठेवून हे करा. मार्चमध्ये आकडा सुधारला, तर कारण गारठा. बारा महिने आकडा खालीच राहिला, तर ई-२०, सर्व्हिसिंग किंवा टायर तपासा.

तोपर्यंत काय करावं?

- सकाळी गाडी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवू नका. उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं. अर्ध्या मिनिटानंतर हळू निघा.
- हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा.
- छोटी कामं एकाच फेरीत उरका.

ई-२० चा प्रश्न बीडला दोन्ही बाजूंनी भिडतो. ज्या उसापासून इथेनॉल बनतं, तो तोडायला याच जिल्ह्यातले लाखो मजूर दर हिवाळ्यात घर सोडतात. त्यामुळे या इंधनावर चर्चा जरूर व्हावी, पण गारठ्याचा हिशेब त्याच्या नावावर न टाकता.