गरोदरपणातील 'साधी सर्दी'

आयर्लंडमधील आपल्या कुटुंबांत गरोदरपणाची वार्ता आली की नागपूर, अमरावती, मुंबईहून फोनवर सल्ल्यांचा ओघ सुरू होतो. पपई खाऊ नकोस, ग्रहणात बाहेर पडू नकोस. (ग्रहण आपण केव्हाच मागे टाकले, असा आमचा समज होता!) या सल्ल्यांमागे माया असते, हे आम्ही जाणतो. परंतु त्यांतील एक सल्ला आम्हांस धोक्याचा वाटतो : "सर्दी-तापच आहे, अंगावर काढ. पोटात बाळ असताना औषध नको आणि लस तर मुळीच नको."

वैद्यकशास्त्र याच्या नेमके उलट सांगते. गर्भाशय वाढते तसे श्वासपटल वर ढकलले जाते व फुफ्फुसांतील हवेचा राखीव साठा घटतो. प्राणवायूची गरज मात्र सुमारे २० टक्क्यांनी वाढते. म्हणून ज्या इन्फ्लुएंझातून पती चार दिवसांत उठतो, त्यातच पत्नीला न्यूमोनिया होऊ शकतो. १९१८च्या साथीतील १,३५० गर्भवती रुग्णांची पाहणी अमेरिकेत १९१९ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे २७ टक्के दगावल्या होत्या. २००९च्या स्वाइन फ्लूनेही गर्भवतींनाच अधिक गाठले.

बाळाचे काय होते, हे तर आयर्लंडनेच जगाला दाखविले. २०२१च्या आरंभी, करोनाच्या 'अल्फा' प्रकाराच्या लाटेत, येथील प्रसूती रुग्णालयांत बाळे पोटातच दगावल्याच्या घटना घडल्या. विकृतिशास्त्रज्ञांनी वारेची तपासणी केली व २०२२ साली सात गर्भमृत्यूंचा अहवाल प्रसिद्ध केला : सहा मृतजन्म आणि एक दुसऱ्या तिमाहीतील गर्भपात. विषाणूने प्रामुख्याने वारेवर घाला घातला होता. वारेत फायब्रिनचे थर साचले, पेशी मेल्या आणि बाळाचा प्राणवायू तुटला. या विकारात आई फार आजारी असतेच असे नाही, हीच त्यातील भयंकर गोष्ट. त्या मातांना दोष देण्याचा प्रश्नच येत नाही. गर्भवतींसाठी लसीची सोय तेव्हा सर्रास झालीच नव्हती. आपल्याला मात्र आता ती सबब उरलेली नाही.

बाळाची हालचाल मंदावली तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी प्रसूती रुग्णालयाला फोन करावा. "उगाच त्रास कशाला द्यायचा," हा आपल्या भगिनींचा संकोच आम्ही वारंवार पाहतो. तो संकोच येथे नको. तापासाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घेता येते. आयबुप्रोफेन मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये. इन्फ्लुएंझावरील विषाणुरोधक औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरते, म्हणून जी.पी.कडे जाण्यास विलंब नको. काढा अवश्य घ्यावा, पण तो घेतला म्हणून डॉक्टरकडे जायचे टाळू नये.

आपल्या अनेक भगिनी येथे रुग्णालयांत व वृद्धाश्रमांत नोकरी करतात. खोकणाऱ्या माणसांत त्यांचा दिवस जातो. १९९४च्या मातृत्व संरक्षण कायद्यानुसार, गर्भवतीच्या कामातील धोका दूर करता येत नसेल व दुसरे सुरक्षित कामही देता येत नसेल, तर तिला आरोग्य व सुरक्षा रजेचा हक्क आहे. बाळंतपणाआधी व नंतर मातेस विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे, ही भूमिका बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात मांडली होती. ते भाषण आपण जयंतीला आठवतो. वरिष्ठांपुढे रजेचा अर्ज ठेवताना मात्र कचरतो.

राहिला लसीचा प्रश्न. गर्भवतींना टोचली जाणारी फ्लूची लस निष्क्रिय विषाणूंची असते. तिच्यातून फ्लू होत नाही. आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्ये वारेतून बाळाला मिळतात, आणि सहा महिन्यांखालील बाळाला स्वतःची फ्लूची लस देताच येत नसल्याने तेच त्याचे कवच असते. आयर्लंडमध्ये गर्भवतींना ती विनामूल्य मिळते. आर.एस.व्ही. या विषाणूपासून तान्ह्या बाळांना वाचविण्यासाठी येथे सप्टेंबर २०२४पासून निर्सेव्हिमॅबचे इंजेक्शन नवजातांना प्रसूती रुग्णालयातच देण्यास आरंभ झाला. परिचारिका त्याविषयी विचारावयास येते, तेव्हा पालकांनी आपल्या शंका तिलाच विचाराव्यात. गावी फोन नंतर, बाळाचे नाव सुचविण्यासाठी करता येईल.