सही चुलीपुढे नको

मैत्रिणींनो, या वेळी लोणच्या-पापडांची पत्रे बाजूला ठेवून एकच पत्र घेते. बीड शहरात राहणाऱ्या एका भगिनीने लिहिले आहे, “माझी धाकटी जाऊ गावी सरपंच झाली. रजिस्टर घरी येतं. भाकरी थापता थापता हात पुसून ती सही करते. कशावर केली, ते तिला ठाऊक नसतं. दीर म्हणतात, वहिनी, तुम्ही शहरातल्या, तुम्हाला त्यातलं काय कळणार?”

दीरांचे राहू द्या. आधी सहीचे पाहू. ग्रामपंचायतीचा पैसा काढायला सरपंच आणि ग्रामसेवक (२०२४ पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) या दोघांच्या सह्या लागतात. उद्या नळाचे काम कागदावरच राहिले, तर चौकशीची नोटीस येईल ती सरपंचबाईंच्या नावाने. यजमानांचे नाव त्यात कुठेच नसते! वाण्याच्या वहीतली उधारीसुद्धा आपण दोनदा वाचतो, हा तर साऱ्या गावाचा पैसा. तेव्हा जाऊबाईंना सांगा, रजिस्टर घरी मागवू नये. कचेरीत जाऊन खुर्चीवर बसावे, ठराव मोठ्याने वाचून घ्यावा आणि मगच पेन उचलावे.

नागरिकशास्त्राच्या तासाला मी मुलांना सांगते, १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून तर निम्म्या. मुले पाठ करतात, मार्कही मिळतात. पण जागा मिळणे आणि बसायला मिळणे यांत पुष्कळ अंतर आहे.

ते अंतर कमी करायची एक सोय कायद्यातच आहे, आणि ती फार थोड्या जणींना ठाऊक असते. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते, महिला ग्रामसभा. सासरे-दीर समोर नसले की पदर सावरण्यात वेळ जात नाही. पाणी, रेशन, संडास, दारूचं दुकान, सगळं तोंडातून निघतं. मग तेच विषय मोठ्या सभेपुढे न्यायचे. पुष्कळ ठिकाणी ही सभा नुसती कागदावर होते, बायकांचे अंगठे तेवढे घरोघर गोळा केले जातात. म्हणून म्हणते, सही काय नि अंगठा काय, चुलीपुढे द्यायचाच नाही.

आता आपल्या बीडची खरी अडचण. ग्रामसभेला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यांत जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब. पण तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा हजेरीची अटच नसते! दहा जणांनी बसून ठरवले तरी चालते. सभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला असतात. जानेवारीत आपली कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात असतात. गावात राहतात म्हातारीकोतारी. ज्यांना पाण्याची नि घरकुलाची सर्वांत जास्त गरज, त्याच बाया हजेरीला नाहीत.

घरचे लोक बिचकतात, तेही खरे. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. त्यानंतर आपल्या लेकीसुनेला पुढे पाठवताना कोणाच्याही पोटात गोळा येणारच. भित्रेपणा म्हणून त्याला हसू नये. बचत गटातल्या वीस जणींनी मिळून जावे, एकीच्या तोंडून प्रश्न यावा आणि बाकीच्यांनी शेजारी बसावे. प्रश्न सभेच्या इतिवृत्तात लिहिला गेला की नाही, ते उठण्याआधी पाहावे.

आपण शहरातल्या म्हणून आपले काम संपत नाही. दसऱ्याला गावी जाल, तेव्हा टोळ्या निघायच्या बेतात असतात. २ ऑक्टोबरची महिला सभा खरोखर भरली का, हे जावेला, भावजयीला विचारा. ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्राची नोंद ग्रामसेवकच करतात. ती राहिली असेल, तर मुकादमाची गाडी दारात यायच्या आधी करून घ्यायला सांगा.